वारा कुठून होता

लालबाग,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सिद्धार्थ,

तुझं पत्र पोचलं. दहा ओळींत 'इन्स्ट्रक्टर' हा शब्द तीनदा आलाय. एकदा लिहिला असतास तरी चाललं असतं, कारण बातमी तुझी आई आधीच देऊन गेली होती. यशोदा दर रविवारी गिरगावहून माझ्याकडे येते आणि मला ऐकू येत नाही म्हणून वहीत लिहून बोलते. या खेपेला तिने अख्खं पान तुझ्यावर खर्च केलं. सव्वीस वर्षांचा मुलगा, खांद्यावर पट्ट्या, हाताखाली सात विद्यार्थी. तुझ्या वडिलांनी म्हणे बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. मनमोहनरावांना विमानांचं कौतुक आहे हे वाचून बरं वाटलं. स्वतःच्या लग्नात त्यांनी माझी ओळख कशी करून दिली होती ते तुला कोणी सांगितलं नसेल. "हे यशोदाचे थोरले बंधू. हवाई दलात असतात. विमानातून पडायचा पगार घेतात." सगळा हॉल हसला. मीही हसलो. तेव्हा मला ऐकू येत होतं.

तुझ्या पत्रात कामाचं वाक्य एकच आहे आणि ते तू तळाशी जागा उरली म्हणून लिहिलं आहेस. तुमच्या फ्लाइंग क्लबच्या बाजूला जुन्या धावपट्टीवर छत्रीवाल्यांनी कँप टाकलाय आणि शनिवार-रविवार नुसता वैताग आहे म्हणतोस. वैताग तुला. त्यांना काय वाटत असेल ते त्यांनी तुझं विमान वरून पाहिलं की कळेल.

अठ्ठावीस वर्षं मी पॅराशूटने उडी मारायला शिकवलं. स्वतः एकोणीसशे वेळा मारली. एवढ्या काळात जे वैमानिक पाहिले त्यातल्या निम्म्यांना वाटायचं की आभाळ त्यांच्या आजोबांनी घेऊन ठेवलंय. माणसं उडी मारून जिथे उतरतात त्या जागेला ड्रॉप झोन म्हणतात आणि तुमच्या नकाशावर तिथे छोटी छत्री काढलेली असते. तिच्याकडे ही मंडळी लग्नपत्रिकेवरची नक्षी बघावी तशी बघतात. तू त्यांच्यातलाच होणार हे तुझ्या 'छत्रीवाले' या शब्दावरून दिसतंय. तो शब्द तुमच्या दिवाणखान्यातला आहे. मी ओळखतो.

आता पान उलट.

आभाळात छत्र्या दिसल्या नाहीत म्हणून आभाळ रिकामं आहे असं कधीही धरू नकोस. माणूस दहा हजार फुटांवर विमानातून बाहेर पडतो आणि छत्री उघडतो साडेतीन हजारावर. मधलं पाऊण मिनिट तो ताशी दोनशे किलोमीटरने खाली येत असतो, आणि तुझ्या काचेतून तो माशीएवढासुद्धा दिसणार नाही. तू त्याला चुकवू शकत नाहीस आणि तो तुला चुकवू शकत नाही. छत्री उघडली तरी तिला इंजिन नाही. तेव्हा अंतर तू ठेवायचं.

दुसरं. माणसं कँपच्या डोक्यावर सोडत नाहीत. वारा जिकडून येतो त्या अंगाला, किलोमीटर-दीड किलोमीटर पुढे नेऊन सोडतात, म्हणजे ती वाहत कँपवर येतात. त्यामुळे 'मी कँपवरून गेलोच नाही, बाजूने गेलो' हे म्हणण्यात अर्थ नाही. बाजू कोणती, हे वारा ठरवतो. निघण्यापूर्वी वारा विचारायचा.

आणि त्यांची फ्रिक्वेन्सी ऐकत राहायची. त्यांचा वैमानिक उडीच्या दोन मिनिटं आधी सांगतो. ते ऐकलं की लांब राहायचं. उड्या झाल्या की त्यांचं विमान कावळ्यासारखं खाली झेपावतं, त्याच्यापासूनही.

तुझ्या विद्यार्थ्यांनाही हे सांग. तू शिकवणारा आहेस म्हणतोस.

तुझा
गंगाधरमामा


फ्लाइंग क्लब,
२६ नोव्हेंबर २०२४

प्रिय मामा,

तुमच्यामुळे या गावात पोस्टाची पाकिटं कुठे मिळतात ते मला कळलं. बाकी जगाने फोन घेतलेत.

लग्नातली गोष्ट पप्पा दर वर्षी सांगतात. तुम्ही इतकी वर्षं मनात धरून बसला असाल असं वाटलं नव्हतं. जोक होता तो. तसंही मामा, फरक तर आहेच ना. तुम्ही चालत्या विमानातून उतरायचात, मी विमान उतरवतो. दोन्हीला हिंमत लागते, पण डोकं एकालाच जास्त लागतं. रागावू नका.

छत्रीवाल्यांबद्दल तुम्हाला उगाच प्रेम वाटतंय. हे तुमच्यासारखे फौजी नाहीत. वीकएंडला मुंबई-पुण्याहून येणारे ऑफिसवाले आहेत, किंचाळत उडी मारतात आणि मग व्हिडिओ टाकतात. त्यांचा पायलट दर वीस मिनिटांनी रेडिओवर तीच टेप लावतो. त्या बडबडीत आमच्या मुलांना मी काय सांगतो ते मलाच ऐकू येत नाही. सकाळी बारापर्यंत त्यांच्यापासून दहा किलोमीटर लांब राहा असं क्लबने बोर्डावर लावलंय. म्हणजे घरी यायला प्रत्येक वेळी वळसा. कोणासाठी, तर इन्स्टाग्रामसाठी.

बाकी मजेत. एअरलाइनच्या दोन परीक्षा झाल्या, इंटरव्ह्यूचं बोलावणं डिसेंबरात कधीही येईल. मग ही पोरं शिकवायची कटकट संपली. सात जणांत एक अक्षता नावाची आहे, कफ परेडच्या मच्छीमार नगरची. आई, गंगुबाई, बोंबील सुकवते आणि मुलीला पायलट व्हायचंय. हात बरा आहे, पण रेडिओवर इंग्लिश बोलायचं आलं की घाम फुटतो. सगळेच पायलट झाले तर मासे कोण पकडणार?

तुमचा
सिद्धार्थ


लालबाग,
४ डिसेंबर २०२४

चि. सिद्धार्थ,

मासे पकडणाऱ्याला वारा कळतो. तुला कळावा म्हणून मी लिहिलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस. रेडिओबद्दल लिहिलं तर म्हणतोस बडबड. ती टेप नव्हे. प्रत्येक वेळी वेगळी माणसं दारात उभी असतात.

डोकं कोणाला जास्त लागतं त्यावर मी काही म्हणत नाही. डोकं असलेल्यांना ते सांगावं लागत नाही, एवढंच मी नोकरीत पाहिलं.

यशोदाला तुझी काळजी वाटते. का वाटते ते तिने वहीत लिहिलं नाही.

गंगाधरमामा


फ्लाइंग क्लब,
१८ डिसेंबर २०२४

मामा,

एक काम आहे, आणि आईला सांगू नका.

गेल्या रविवारी इथे एक अपघात झाला. आमच्या क्लबचा थेट संबंध नाही. छत्रीवाल्यांची एक बाई पडली. नम्रता नाव आहे, चाळिशीच्या आसपास. दोघांच्या छत्र्या एकमेकांत अडकल्या, रघुवीर म्हणून एक जण होता तो पाय मुरगळण्यावर सुटला, ही शेताच्या बांधावर आपटली. कमरेचं हाड आणि मांडी मोडली आहे. काल तिला अँब्युलन्सने मुंबईला नेलं. परळच्या हॉस्पिटलमध्ये आहे, तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. वॉर्डचं नाव चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवलंय.

त्या वेळी आमचं एक विमान त्या भागात होतं म्हणून कँपवाले आमच्याकडे बोट दाखवतायत. विमान अक्षता उडवत होती. मी शेजारच्या सीटवर होतो. आम्ही कँपवरून गेलो नाही, पश्चिमेला चांगले दीड किलोमीटर लांब होतो. छत्र्या नीट हाताळता येत नसतील तर तो आमचा दोष नाही. पण चौकशी लागली आहे, आणि एअरलाइनचा इंटरव्ह्यू सहा जानेवारीला आहे.

तुम्ही जुने पॅराशूटवाले, तुमच्याशी ती मोकळेपणी बोलेल. जाऊन भेटा. तिला काय आठवतंय, विमानाबद्दल काय सांगतेय, एवढं कळवा. माझं नाव घेऊ नका.

सिद्धार्थ


लालबाग,
२३ डिसेंबर २०२४

सिद्धार्थ,

गेलो होतो. तू पाठवत होतास तसा हेरगिरीला नाही. तिच्या खाटेपाशी उभं राहून पहिलंच सांगितलं की मी त्या विमानातल्या इन्स्ट्रक्टरचा मामा आहे. तिने हाताने स्टूल दाखवलं.

तू जिला छत्रीवाल्यांची बाई म्हणतोस ती माझगावच्या गोदीत जहाजाच्या पत्र्यांचं वेल्डिंग तपासते. घर चिंचपोकळीला चाळीत. घरात म्हातारे वडील आणि ती. चौसष्ट उड्या झाल्यात तिच्या. व्हिडिओ एकही नाही, मी विचारलं. उडी का मारते विचारलं तर तिने माझ्या वहीत लिहिलं की दिवसभर लोखंडाच्या पोटात बसून काम असतं. वेदना असतात तिला, औषध उतरलं की लिहिणं बंद होतं.

मग काय झालं ते तिने लिहून सांगितलं. छत्री नीट उघडली होती. दोन हजार फुटांवर असताना उत्तरेकडून तुमचं विमान सरळ तिच्या अंगावर आलं. वळलं नाही, उंची बदलली नाही. तिने डावी दोरी जिवाच्या आकांताने खेचली, तुम्ही तिच्या पायांखालून गेलात, आणि वळलेली छत्री मागून येणाऱ्या रघुवीरच्या छत्रीत शिरली. गुंता सोडवेपर्यंत जमीन पाचशे फुटांवर आली होती. राखीव छत्री उघडली, पण अर्धी. ज्या माणसाने तेवढ्या उंचीवर गुंता सोडवून राखीव ओढली त्याला छत्री हाताळता येत नाही असं तू मला लिहितोस. माझ्या अठ्ठावीस वर्षांत शांत डोक्याने एवढं करणारे मी बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

आता मला तीन गोष्टी कळव. वारा कुठून होता? तिच्या म्हणण्याप्रमाणे पश्चिमेचा होता. तसं असेल तर पश्चिमेला दीड किलोमीटर म्हणजे बरोबर जिथे माणसं सोडतात तिथे तू होतास, आणि ते तू लांब असल्याचा पुरावा म्हणून लिहिलं आहेस. दुसरं, त्यांच्या वैमानिकाने उडीपूर्वी तीनदा सांगितलं होतं. तुमच्या विमानात दोन रेडिओ असतात. दुसऱ्याचा आवाज किती ठेवला होतास? तिसरं, बारापर्यंत वळसा घालायचा नियम असताना साडेअकराला सरळ यायचं कोणी ठरवलं? शिकणाऱ्या मुलीने?

गंगाधरमामा


फ्लाइंग क्लब,
३१ डिसेंबर २०२४

मामा,

तुम्हाला काय करायला सांगितलं होतं आणि तुम्ही काय केलंत. नाव घेऊ नका म्हटलं तर आधी नातं सांगितलंत.

तुम्ही कोर्ट नाही आहात. पण सारखे विचारताय म्हणून लिहितो, आणि वाचून फाडून टाका. वारा पश्चिमेचा होता. दुसऱ्या रेडिओचा आवाज मी कमी केला होता, कारण त्या गोंगाटात शिकवता येत नाही. सरळ चल असं मी तिला म्हटलं होतं. बाराच्या आत एअरलाइनचं मेल येणार होतं आणि मला खाली पोचायचं होतं. एका वळशाने कोणाचं काय बिघडणार होतं असं तुम्ही म्हणाल. बिघडणार नव्हतं. पण मी रोज तिथून जाऊ शकलो असतो आणि काही झालं नसतं. त्या दिवशी झालं.

रिपोर्ट दिलाय. पप्पांनी वकिलांना दाखवून दिलाय. विद्यार्थिनीने सांगितलेला मार्ग सोडला आणि मी दुरुस्त करेपर्यंत विमान त्या भागात पोचलं, असं त्यात आहे. ती उडवत होती हे खोटं नाही. अक्षताशी क्लबचे लोक बोलले. ती नुसती मान खाली घालून उभी होती. तिचं ट्रेनिंग थांबेल. वाईट आहे, पण ती बावीसची आहे, काहीतरी दुसरं करेल. माझी चार वर्षं आणि घरच्यांची सगळी स्वप्नं एका सकाळसाठी जावीत का?

तुमच्या लालबागेत ही असली तत्त्वं परवडतात, कारण गमवायला काही नसतं. कृपा करून हॉस्पिटलमध्ये जाणं थांबवा.

सिद्धार्थ


लालबाग,
५ जानेवारी २०२५

सिद्धार्थ,

तुझं पत्र फाडलं नाही. ट्रंकेत ठेवलंय. चौकशीला देणार नाही. ते देण्याचं काम माझं नाही, आणि तुझी सुटका माझ्या हातून झाली असं तुला कधी म्हणता येऊ नये.

तुझ्याबद्दल मला आता राग नाही. राग माणसाचा येतो. नोकरीत मी भित्री पोरं पुष्कळ पाहिली. दारात उभं राहून ओकणारी, माझा हात धरून रडणारी, आईचं नाव घेणारी. त्यांच्यातल्या एकालाही मी भित्रा म्हटलं नाही, कारण त्यांची भीती त्यांच्यापुरती होती. आपल्या पोटातली भीती उचलून बावीस वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवणारा मी तुझ्या रूपाने पहिला पाहिला. वर तुझ्या खांद्यावर पट्ट्या आहेत, आणि ती तुझी विद्यार्थिनी आहे. तुझ्यापुढेही विमान वळवायचं तेच दांडकं होतं. विमानाला दोन लावतात ते कशासाठी, हे तुला माहीत असल्याचा दाखला सरकारने तुला दिलाय.

लालबागेत गमवायला काही नसतं म्हणतोस. माझा बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. शेजारच्या साच्यावर चूक झाली तर साहेब विचारायचा आणि ज्याची असेल तो हात वर करायचा, कारण न केला तर बाजूच्याची रोजी जायची. गिरण्या गेल्या. तेवढी सवय राहिली होती, ती यशोदाबरोबर गिरगावात गेली असेल असं मला वाटायचं.

उद्या तुझा इंटरव्ह्यू आहे. बूट पॉलिश करून जा. त्यांना आवडशील.

नम्रताला मी रोज भेटतो आणि भेटणार. तिचे वडील चिंचपोकळीहून येऊ शकत नाहीत. मी डबा नेतो. काल फिजिओवाल्याने तिला पलंगाच्या कडेला बसवलं. चार मिनिटं बसली आणि घामाने भिजली. तुला कळावं म्हणून लिहिलं.

गंगाधर


गिरगाव,
२० जानेवारी २०२५

मामा,

मी घरी आहे. लालबाग बसने वीस मिनिटांवर आहे तरी पत्र लिहितोय, कारण समोर येण्याचं धाडस नाही.

इंटरव्ह्यूला गेलो होतो. चांगला झाला. तुम्ही म्हणालात तसंच, त्यांना आवडलो. परत आलो तेव्हा क्लबच्या ऑफिसबाहेर बाकावर अक्षताची आई बसली होती. गंगुबाई. कफ परेडहून रात्रभर एसटीने आली होती. तिला वाटलं मी क्लबमधला कोणी क्लार्क आहे. मला विचारलं की मुलीने नेमकं काय केलं, ते कोणी साध्या शब्दांत सांगेल का. मुलगी घरी काही बोलत नाही, नुसती म्हणते की मी चुकले नाही. मी म्हटलं मला माहीत नाही, आणि निघून गेलो. त्यानंतर आठ दिवस मी नीट जेवलो नाही, पण ते काही सांगण्यासारखं नाही.

मंगळवारी, चौदा तारखेला, चौकशी अधिकाऱ्याने अक्षताला बोलावलं. ती घाबरत इंग्लिशमध्ये सुरू झाली. त्यांनी मराठीत सांग म्हटल्यावर तिने सगळं सांगितलं. सरळ चल असं सरांनी सांगितलं, मी वळसा घेऊ का विचारलं, सर नको म्हणाले, दुसरा रेडिओ सरांनी बंद केला. एक शब्द वाढवून नाही, कमी करून नाही. हे मला क्लबच्या माणसाने बाहेर येऊन सांगितलं, आणि आता तू नाकारशील तर तुझ्या शब्दापुढे तिचा टिकणार नाही, असंही म्हणाला. पप्पांच्या वकिलांनीही तेच सांगितलं.

गुरुवारी मला बोलावलं. मी आधीचा रिपोर्ट मागे घेतला. ती बोलली ते खरं आहे असं लिहून दिलं, आणि आवाज कमी केला नव्हता, पूर्ण बंद केला होता, हेही. तुम्हालाही मी तिथे खोटंच लिहिलं होतं. लायसन्स निलंबित झालं. एअरलाइनला मी स्वतः कळवलं. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते.

काल परळला गेलो होतो. तुम्ही सकाळी येता म्हणून मी दुपारी गेलो. नम्रताताईंना नाव सांगितलं. माफी मागायला आलोय म्हटलं. त्या म्हणाल्या, "माफीचं नंतर बघू. मला एक सांगा, तुम्ही मला बघितलं होतं का?"

मी म्हटलं, नाही. अक्षता ओरडली तेव्हा मान वर केली.

"मी तुम्हाला बघितलं," त्या म्हणाल्या. "विमान इतकं जवळ होतं की दोन डोकी दिसत होती. डावीकडची मुलगी समोर बघत होती. उजवीकडचं डोकं खाली होतं. ते वर यावं म्हणून मी ओरडत होते. चौकशीवाल्यांनी मला वारा विचारला, उंची विचारली, वेळ विचारली. हे कोणी विचारलं नाही, म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही काय बघत होतात?"

मोबाइल, मामा. मेल आलं का ते बघत होतो. आलं नव्हतं.

मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी उभाच राहिलो, मग नर्सने जायला सांगितलं.

अजून एक सांगायचं आहे. तुमचं नोव्हेंबरचं पत्र काल मी पहिल्यांदा पूर्ण वाचलं. तेव्हा पहिलं पान वाचून घडी करून ठेवलं होतं. लग्नाचं, पेढ्यांचं, नक्षीचं वाचलं आणि वाटलं, म्हाताऱ्याला जळायचं आहे, जळू दे. पान उलटलंच नाही. मागच्या बाजूला वारा, पाऊण मिनिट, रेडिओ, सगळं लिहिलेलं होतं. हे मी तुमच्यावर ढकलत नाही. बोर्डावरही लावलेलं होतं, आणि लायसन्सच्या अभ्यासातही ते होतं. फक्त खरं ते लिहिलं.

सिद्धार्थ


लालबाग,
२२ जानेवारी २०२५

सिद्धार्थ,

तू गुरुवारी खरं बोललास. ती मुलगी मंगळवारी बोलली, आणि तिच्यामागे वकील नव्हता. तेव्हा गुरुवारची शाबासकी माझ्याकडे मागू नकोस. तिच्या घरी मच्छीमार नगरला जाऊन तिच्या आईला साध्या शब्दांत सांगायचं काम अजून राहिलंय. तिने तुला विचारलं होतं.

पान उलटलं नाहीस ते वाचलं. मग त्या पत्राची माझ्याकडे राहिलेली कच्ची प्रत नम्रताला दाखवली. तिने सगळं वाचलं. मग मला वहीत विचारलं, दारात उभ्या राहिलेल्या पोरांशीही तुम्ही असंच बोलायचात का.

नाही बोलायचो. अठ्ठावीस वर्षांत दारातल्या पोराला मी एकदाही टाकून बोललो नाही. टाकून बोललेला माणूस पुढचं ऐकत नाही, आणि तिथे पुढचं ऐकलं नाही तर तो मरतो. हे मला तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. तरी जीव वाचवणारी गोष्ट मी पानामागे टाकली आणि पुढे सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीचा एक हॉल मांडून बसलो. ते पहिलं पान तुला लिहिलंच नव्हतं, मनमोहनरावांना लिहिलं होतं. त्यात तुझा दोष तिळाएवढा कमी होत नाही. माझा मात्र थोडा आहे आणि तो मी तिला सांगितला. ती म्हणाली, दोघेही मामा-भाचे शोभता. त्यात कौतुक नव्हतं.

डॉक्टर म्हणतात ती चालेल, काठी घेऊन, उन्हाळ्यापर्यंत. उडी पुन्हा नाही. हे तिला सोमवारी सांगितलं. ती गोदीतल्या कामाबद्दल विचारत राहिली, शिडी चढता येईल का, वाकता येईल का.

शनिवारी सकाळी दहा वाजता तिला घरी सोडणार आहेत. चिंचपोकळीची चाळ, तिसरा माळा, लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि दोन ठिकाणी इतका अरुंद की स्ट्रेचर वळत नाही. खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागेल. प्रत्येक पायरीला दुखणार आहे. चार माणसं लागतात. रघुवीर येतोय, चाळीतले दोघे आहेत. माझ्या गुडघ्यांनी होणार नाही.

तिला विचारलं, चौथा म्हणून त्याला बोलावू का. तिने वही मागून लिहिलं, येऊ दे, पण त्याला म्हणावं मोबाइल घरी ठेव आणि पाय बघून टाक.

साडेनऊला ये.

गंगाधरमामा